सायकलचे रुंद आणि लवचीक टायर

झाशीचा किल्ला ज्या बंगरा टेकडीवर उभा आहे ती टेकडी ग्रॅनाइटची आहे. सन १६१३ मध्ये ओरछ्याचा राजा वीरसिंहदेव ह्याने हा किल्ला बांधला. पुढे तो मराठ्यांकडे आला आणि राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक झाला. परंतु ह्या खडकाचे महत्त्व इतिहासापुरतेच नाही. बुंदेलखंडात हाच खडक फोडून त्याची खडी करतात आणि ती खडी अंथरून रस्ते बांधतात. ग्रॅनाइट सहजासहजी झिजत नाही. त्यामुळे रस्त्यावरचे डांबर निघाले, की खालच्या खडीची धारदार टोके उघडी पडतात आणि पुष्कळ काळ तशीच राहतात.

अशा रस्त्यांवरून जाणाऱ्या सायकली अनेक प्रकारच्या असतात. कामावर जाणाऱ्या माणसाची काळी, भारदस्त सायकल असते. दुधाच्या किटल्या लावलेली सायकल असते. बेतवेच्या काठी वसलेले ओरछा पाहावयास निघालेल्या तरुणाची बारीक टायरांची गिअर-सायकल असते. आणि जाड, दातेरी टायरांची डोंगरी सायकलही असते. ह्या सर्वांना एकच धक्का सोसावा लागतो, आणि बहुतेकांची समजूतही एकच असते : टायर जितका अरुंद आणि हवा जितकी टणक, तितकी सायकल हलकी चालते. अंगठ्याने दाबून टायर दगडासारखा लागला, म्हणजे पंप बाजूला ठेवावयाचा, ही सर्वत्र आढळणारी रीत ह्या समजुतीतूनच आली आहे.

ही समजूत गुळगुळीत फरशीवर पुष्कळशी खरी आहे. खडबडीत रस्त्यावर मात्र ती खरी ठरत नाही. असे का व्हावे, आणि सायकलला रुंद व लवचीक टायर बसवावयाचे झाल्यास कोणती दक्षता घ्यावी, ह्याचा विचार पुढे केला आहे.

हवेचे चाक

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ही धाव झिजत नाही, परंतु ती वाकतही नाही. वाटेत सुपारीएवढा खडा आला, की संपूर्ण चाक, आस आणि त्यावरील भार ह्यांना तेवढे वर उचलले जावे लागते. वर उचलण्यासाठी बैलांना बळ लावावे लागते. खाली आदळताना ते परत मिळत नाही.

ह्यावर उपाय म्हणून धावेच्या जागी हवा भरलेली नळी बसवावी, ही कल्पना प्रथम रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्या स्कॉटिश अभियंत्याला सुचली. त्याने १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले. परंतु ती घोडागाड्यांसाठी होती आणि लवकरच विस्मरणात गेली. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप ह्याने आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलसाठी हीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून काढली व तिचे पेटंट घेतले. दुसऱ्याच वर्षी हवेच्या टायरांच्या सायकलींनी बेलफास्टमधील शर्यती जिंकल्या, आणि भरीव रबराच्या टायरांचा काळ संपत आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भरीव रबर हे हवेच्या टायरापेक्षा टणक होते. केवळ टणकपणानेच वेग वाढत असता, तर डनलॉपच्या टायराचा पराभव व्हावयास हवा होता. तो झाला नाही. कारण हवेच्या चाकावर आलेला खडा चाकाला वर उचलत नाही, तो टायरात तेवढ्यापुरता रुततो व पुढे जातो. सायकलस्वार आपल्या मार्गाने सरळ चालत राहतो. हवेच्या टायराचे सारे सामर्थ्य ह्या रुतण्यात आहे. आणि हवा अतिशय टणक भरणे म्हणजे हे सामर्थ्य आपल्याच हाताने काढून घेणे होय.

भार, दाब आणि ठसा

सायकल व स्वार ह्यांचे एकत्र वजन ९० किलोग्रॅम आहे असे समजू. त्यातील निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ५० किलोग्रॅम, मागच्या चाकावर येते. टायरातील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम असेल, तर हा भार पेलण्यास टायराचा सुमारे १० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकावा लागेल. दाब निम्मा, म्हणजे अडीच किलोग्रॅम केला, तर सुमारे २० चौरस सेंटिमीटर भाग टेकेल. टायर अरुंद असो वा रुंद, भार आणि दाब तेच असतील तर ठशाचे क्षेत्रफळही जवळजवळ तेवढेच राहते. बदलतो तो ठशाचा आकार. अरुंद टायराचा ठसा लांबट असतो. रुंद टायराचा आखूड व पसरट असतो.

ह्याचा पडताळा घरी घेता येतो. टायराला ओला खडू चोळावा, चाकाखाली चौकटीचा कागद ठेवावा आणि सायकलवर एकाने सावकाश बसून उतरावे. उमटलेल्या ठशातील चौरस मोजले, की क्षेत्रफळ कळते. त्यास दाबाने गुणले असता चाकावरील भार जवळपास मिळतो. जाड रबराचा टायर स्वतःच्या ताठपणाने काही भार पेलतो, म्हणून हिशेब तंतोतंत जुळत नाही; तरी नियम स्पष्टपणे दिसून येतो.

आता लांबट ठशासाठी अरुंद टायराला उंचीत अधिक दबावे लागते, आणि त्याची मुळातली उंची तर कमीच. म्हणून अरुंद टायरात हवा टणक भरण्यावाचून गत्यंतर नसते. नाहीतर खड्ड्यात रिम थेट दगडावर आदळते. रुंद टायरात हवेचा साठा मोठा असल्यामुळे दाब कमी ठेवूनही रिम सुरक्षित राहते. रुंदीचा पहिला लाभ हा असा आहे : ती दाब कमी करण्याची मुभा देते.

टायराच्या कापडावर येणारा ताणही रुंदीवर अवलंबून असतो. हा ताण ढोबळ मानाने दाब आणि टायराच्या छेदाची त्रिज्या ह्यांच्या गुणाकाराएवढा असतो. २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरात ६ किलोग्रॅम दाब भरला, तर कापडाच्या दर सेंटिमीटर लांबीवर साडेसात किलोग्रॅम ताण येतो. ५० मिलिमीटरच्या टायरात केवळ ३ किलोग्रॅम दाबानेच तेवढा ताण निर्माण होतो. म्हणून रुंद टायर कमी हवेतही हाताला भरीव लागतो. ह्याची दुसरी बाजूही आहे. रुंद टायरात अरुंद टायराइतकाच दाब भरल्यास कापडावरील व रिमच्या कडांवरील ताण दुप्पट होतो, आणि हलकी रिम त्याने फाकण्याचा वा टायर निसटण्याचा धोका असतो.

शक्ती कोठे खर्च होते

चाक फिरत असताना टायराचा खालचा भाग दबतो व वर गेल्यावर पुन्हा फुगतो. दबताना घेतलेली सर्व शक्ती तो परत देत नाही. काही भाग रबराच्या आणि धाग्यांच्या अंतर्गत घर्षणात उष्णतारूपाने नाहीसा होतो. ही पहिली हानी. हवा टणक भरली की टायर कमी दबतो व ही हानी कमी होते. जुनी समजूत येथपर्यंत बरोबर आहे.

परंतु दुसरी हानी टायराबाहेर होते. रस्त्याच्या खडबडीमुळे सायकल व स्वार ह्यांना हादरे बसतात. मनुष्याचे शरीर हाडे व स्नायू ह्यांचे बनलेले असून, हादऱ्याची शक्ती स्नायूंत शोषली जाते आणि परत मिळत नाही. ती पायांनीच पुरवावी लागते. प्रयोगशाळेतील गुळगुळीत पोलादी पिंपावर टायर फिरवून केलेल्या मापनांत स्वार नसतो. म्हणून ही हानी तेथे दिसत नाही, आणि पुष्कळ काळ ती लक्षातही आली नाही. अमेरिकेत सिॲटल येथील यान हाइने व त्याचे सहकारी ह्यांनी २००० नंतरच्या दशकात प्रत्यक्ष रस्त्यावर, स्वार बसवून प्रयोग केले. त्यांत असे दिसले, की एका मर्यादेपुढे दाब वाढवून वेगात लाभ होत नाही, आणि खडबडीत पृष्ठभागावर उलट तोटा होतो. आज शर्यतींतील व्यावसायिक स्वारही एकेकाळचे २३ मिलिमीटरचे टायर सोडून २८ ते ३० मिलिमीटर वा त्याहून रुंद टायर वापरतात.

सामान्य स्वाराला ह्याचे महत्त्व शर्यतीच्या स्वारापेक्षा अधिक आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याची बहुतेक शक्ती वारा कापण्यात जाते. ताशी १५ किलोमीटरने कामावर जाणाऱ्याला वारा अडवितो तो सुमारे अर्ध्यापाऊण किलोग्रॅमच्या ओढीइतका. आणि त्याचे जाड, ताठ टायरही जवळजवळ तितक्याच ओढीने अडवितात. चांगल्या लवचीक टायरांनी ही ओढ निम्म्यावर येऊ शकते. दिवसाकाठी दहा-पंधरा किलोमीटर पायडल मारणाऱ्याच्या मनगटांना, पाठीला आणि गुडघ्यांना हा फरक निश्चित जाणवतो.

लवचीकपणा कशात आहे

केवळ रुंदीने हा लाभ पदरात पडत नाही. रुंद टायर जाड व ताठ असेल, तर कमी दाबात तो अधिक दबतो आणि अंतर्गत घर्षणाची हानी वाढते. म्हणून टायर लवचीकही असावा लागतो.

टायराचा देह कापडाचा असतो. रबर हे त्यावरील लेपन होय. आरंभी हे कापड साधे, उभ्याआडव्या विणीचे असे. चाक फिरताना त्यातील धागे एकमेकांवर घासत व तुटत. १८९० च्या दशकात अमेरिकेतील पामर ह्याने उभेआडवे विणणे सोडून समांतर धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे ठेवले व मध्ये रबराचा पातळ पडदा घातला. धागे घासणे थांबले आणि टायर सहज वाकू लागला. आजचे बहुतेक टायर ह्याच तत्त्वावर बनतात. धागे जितके बारीक आणि दाट, तितके त्यांमधील रबर कमी आणि कापड तितके लवचीक. स्वस्त टायरात दर इंचास वीस-तीस जाड धागे असतात. उत्तम टायरात शंभराहून अधिक. बाजूंवरील रबर पातळ असणे, माथ्यावरील रबर आवश्यक तेवढेच असणे आणि आतील ट्यूब पातळ असणे, ह्यांनीही लवचीकपणा वाढतो.

आपल्याकडील काळ्या सायकलचा २८ × १½ मापाचा टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे रुंदी आपल्या देशाला नवी नाही. परंतु हा टायर बहुधा ताठ असतो. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. दोन मण ओझे वाहावे, हवा कमी असतानाही चालावे आणि वर्षानुवर्षे टिकावे, हे त्याचे काम आहे. किटल्या वाहणाऱ्या सायकलला तोच योग्य. मात्र ज्याला ओझे वाहावयाचे नसून स्वतःला दूरवर न्यावयाचे आहे, त्याने हे ओझ्याचे टायर विनाकारण फिरवीत राहू नये.

डोंगरी सायकलची अडचण निराळी आहे. तिचे टायर ५० मिलिमीटर रुंद असतात, परंतु माथ्यावर उंच दाते असतात. चिखलमातीत हे दाते रुतून पकड देतात. डांबरावर ते वाकतात, घरघर आवाज करतात आणि शक्ती खातात. जिचा फेरा बहुतेक रस्त्यावरच असतो, अशा सायकलला त्याच रुंदीचे, परंतु गुळगुळीत माथ्याचे लवचीक टायर बसविले, तर एवढ्या एका बदलाने तिची चाल पालटते.

टायर बसविण्यापूर्वी

पहिली गोष्ट व्यासाची. टायरावरील इंचांचे आकडे फसवे असतात. '२६ इंची' म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांच्या कडेचा व्यास ५५९, ५८४ किंवा ५९० मिलिमीटर असू शकतो, आणि '२८ इंची' टायरांचा ६२२ किंवा ६३५. ह्यांतील एक दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. म्हणून टायराच्या बाजूवर छापलेली '४०-६३५' अशी जोडसंख्या पाहावी : पहिली संख्या रुंदीची, दुसरी कडेच्या व्यासाची. दुसरी संख्या रिमच्या संख्येशी जुळलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट रिमच्या रुंदीची. टायर हा रिमच्या आतील रुंदीच्या सुमारे दीड ते अडीच पट रुंद असावा. अरुंद रिमवर फार रुंद टायर बसविल्यास तो वळणावर डुलतो.

तिसरी गोष्ट जागेची, आणि जिवाच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची. पुढच्या चिमट्याच्या दोन्ही पायांमध्ये, मागच्या दोन्ही दांड्यांमध्ये, मडगार्डाखाली व ब्रेकखाली टायराभोवती सर्व बाजूंनी निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. आरा तुटला की चाक एका बाजूस लचकते. टायराला चिकटलेला खडा मडगार्डात अडकतो. जागा अपुरी असल्यास अशा वेळी चाक जागच्या जागी थांबते, आणि पुढचे चाक थांबले तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. चाक उभे असताना टायर फक्त बसतो, एवढ्यावर समाधान मानू नये. हवा भरल्यावर नवा टायर थोडा ताणून रुंद होतो, हेही हिशेबात धरावे. त्याचबरोबर पायडल पुढे असताना बुटाचे टोक पुढच्या टायराला वा मडगार्डाला लागत नाही ना, हे हँडल वळवून पाहावे.

चौथी गोष्ट ब्रेकची. काळ्या सायकलच्या दांडीच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूस दाबते, म्हणून टायराची रुंदी त्याच्या आड येत नाही. शर्यती सायकलच्या चिमटा-ब्रेकची कमान टायरावरून जाते. तेथे रुंदीला मर्यादा पडते. चकतीचा ब्रेक चाकाच्या तुंब्याजवळ असल्यामुळे रिमशी त्याचा संबंधच नसतो. त्यामुळे अशा सायकलला लहान व्यासाची रिम व रुंद टायर बसविता येतात. ६२२ च्या रिमवर २८ मिलिमीटर उंचीचा टायर घेतला, तर चाकाचा एकूण व्यास ६७८ मिलिमीटर होतो. ५८४ च्या रिमवर ४८ मिलिमीटरचा घेतला, तर ६८०. सायकलची उंची व चाल तीच राहते, आणि हवेची गादी मात्र मोठी मिळते.

किती हवा भरावी

टायराच्या बाजूवर छापलेला दाब ही कमाल मर्यादा असते. तो भरलाच पाहिजे असा आदेश नव्हे. अमेरिकन अभियंता फ्रँक बर्टो ह्याने सुचविलेला नियम सोपा आहे : स्वार बसल्यावर टायराची उंची सुमारे १५ टक्के कमी व्हावी. ४० मिलिमीटर उंचीचा टायर ६ मिलिमीटर दबावा. जमिनीपासून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर स्वार नसताना आणि बसल्यावर पट्टीने मोजले, की हे कळते. मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून तेथे हवाही थोडी अधिक लागते.

दाब फारच कमी झाला, तर तोही घातकच. खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिम आणि दगड ह्यांमध्ये चिमटली जाते व सापाने दंश केल्यासारखी दोन भोके पडतात. बाजूंचे धागे तुटतात. वळणावर टायर रिमवरून सरकू लागतो. अशी चिन्हे दिसताच हवा वाढवावी.

झाशीचे ऊन आणि काटे

झाशीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात उभ्या केलेल्या काळ्या टायराचे तापमान त्याहून पुष्कळ अधिक होते. सकाळी २७ अंशांना ६ किलोग्रॅम दाब भरलेला टायर दुपारी ६० अंशांवर गेला, तर वायूंच्या नियमानुसार त्यातील दाब सुमारे पाऊण किलोग्रॅमने वाढतो. ३ किलोग्रॅमच्या रुंद टायरात ही वाढ अर्ध्या किलोग्रॅमहूनही कमी असते.  तरीही उन्हाळ्यात हवा कमाल मर्यादेपर्यंत भरू नये व सायकल सावलीत ठेवावी, हे उत्तम.

काट्यांच्या बाबतीत मात्र लवचीक टायराची बाजू लंगडी आहे. धारदार खडीवर तो दगडाला वळसा घालून जातो, म्हणून सहसा चिरत नाही. परंतु बाभळीचा काटा किंवा सराटा पातळ रबरातून सहज आत शिरतो. ट्यूब व टायर ह्यांमध्ये संरक्षक पट्टी घातली तर काटे अडतात, परंतु काही लवचीकपणा गमवावा लागतो. ट्यूबविरहित टायरात चिकाचा द्रव घालतात. तो भोकात गोठून ते बुजवितो. उष्ण हवेत हा द्रव लवकर सुकतो, म्हणून उन्हाळ्यात तो वेळोवेळी तपासून पुन्हा घालावा लागतो. ज्याची वाट रोज बाभळीच्या बनातून जाते, त्याने पातळ टायराचा मोह आवरून माथ्यावर थोडे अधिक रबर असलेला टायर घ्यावा.

सारांश, रुंदी, लवचीकपणा आणि हवेचा बेताचा दाब ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच हा सुधार लाभतो. एकही वगळली तर बाकीच्या दोन निष्फळ ठरतात. आणि ह्यांतील एक गोष्ट विनामूल्य आहे. नवा टायर विकत घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसेल. परंतु आहे त्याच टायरातील हवा भार व रस्ता पाहून मोजूनमापून ठेवणे प्रत्येकाला शक्य आहे. झाशीच्या खडीवरून रोज जाणाऱ्याने प्रयोगाला येथूनच आरंभ करावा.